घरदुरुस्ती, काचतंतू आणि अंगाची खाज

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांची नोंद आणि नव्या यंत्रसामग्रीची माहिती असणे क्रमप्राप्तच आहे. तथापि हा अहवाल ज्यांच्या हाती जातो, त्या देणगीदारांच्या, विश्वस्तांच्या आणि रुग्णांच्या आप्तेष्टांच्या घरी प्रत्यक्ष उपयोगी पडेल असेही काही त्यात असावे, अशी आमची इच्छा आहे. या लेखासाठी आम्ही एक अगदी साधी वाटणारी तक्रार निवडली आहे. ती जिवावर बेतणारी नाही. पण ती नीट न ओळखल्यामुळे कित्येक कुटुंबे आठवडेच्या आठवडे हैराण होतात, नको ती औषधे लावून घेतात आणि साध्या दुखण्याचे अवघड दुखणे करून बसतात.

पाऊस ओसरला की आपल्याकडे घरांच्या डागडुजीला सुरुवात होते. दसरा-दिवाळीपूर्वी रंग लागावा, गळके छत दुरुस्त व्हावे, दिवाणखान्याला नवे फॉल्स सीलिंग बसावे, अशी प्रत्येकाची घाई असते. याच सुमारास त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात हात, मान आणि कंबर खाजवत येणाऱ्या रुग्णांची भर पडते. त्यांना गजकर्ण झाले असावे, खरूज असावी, पित्त उठले असावे असे वाटत असते. ‘घरात काही काम चालू आहे का?’ असे विचारले की मात्र बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडते.

काचेची लोकर

फायबर ग्लास म्हणजे काचेचे अतिशय बारीक धागे. वितळलेल्या काचेचे असे धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याचे तंत्र १९३०च्या दशकात अमेरिकेत विकसित झाले. आज हे धागे आपल्या घरांत मुख्यतः दोन रूपांत येतात. पहिले रूप म्हणजे ग्लास वूल, अर्थात काचेची लोकर. पिवळसर किंवा पांढऱ्या रंगाची ही कापसासारखी गादी उष्णता व आवाज अडवण्यासाठी फॉल्स सीलिंगच्या वर, वातानुकूलन यंत्राच्या हवानलिकांभोवती आणि पत्र्याच्या छपराखाली घालतात. दुसरे रूप म्हणजे रेझिनमध्ये भिजवून कडक केलेले काचतंतू. स्नानगृहाचे काही दरवाजे, गच्चीवरचे काही अर्धपारदर्शक पत्रे, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या ‘फायबर’च्या होड्या या प्रकारात मोडतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारात ‘फायबर’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या पुष्कळदा निव्वळ प्लॅस्टिकच्या असतात आणि काही पारदर्शक पत्रेही काचतंतूंचे नसतात. तुटलेल्या किंवा कापलेल्या कडेला बारीक, चमकदार, टोचरे धागे दिसत असतील, तर ती वस्तू काचतंतूंची आहे असे समजून सावध राहावे. मात्र तपासण्यासाठी त्या कडेवरून उघडे बोट फिरवू नये.

वस्तू जागच्या जागी, धडधाकट आणि झाकलेली असेपर्यंत तिचा काही उपद्रव नसतो. कारागीर ती कापू, घासू, भोक पाडू किंवा ओढून काढू लागले की धाग्यांचे तुकडे होऊन हवेत उडतात. जुने सीलिंग पाडताना तर वर्षानुवर्षे साचलेली धूळ आणि काचेची लोकर एकदमच अंगावर येते.

त्वचेवर नेमके काय घडते?

मळणीच्या वेळी भाताची कुसळे अंगाला लागली की कशी सळसळ होते, हे ज्यांचे बालपण गावी गेले त्यांना सांगावयास नको. काचतंतूंचा प्रकार बराचसा तसाच आहे. काचेचे सूक्ष्म तुकडे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात टोचून बसतात आणि हालचालीबरोबर पुन्हा पुन्हा टोचत राहतात.

खाजकुइलीशीही याची तुलना केली जाते. परंतु त्या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. खाजकुइलीच्या शेंगेवरील लवेत खाज उत्पन्न करणारे एक प्रथिन असते. काचतंतूत असा कोणताही विषारी अंश नसतो. खाज येते ती केवळ टोचण्यामुळे. वैद्यकात यास यांत्रिक त्वचादाह म्हणतात. म्हणूनच ही खाज सहसा ॲलर्जी नसते आणि ती संसर्गजन्यही नसते. एकाच्या अंगावरून ती दुसऱ्यास ‘लागत’ नाही. काचेची धूळ मात्र एकाच्या कपड्यांवरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जाऊ शकते.

धाग्याच्या जाडीलाही महत्त्व आहे. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, तर एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुमारे ५ मायक्रॉनपेक्षा जाड असलेले काचतंतू त्वचेला विशेषेकरून टोचतात. केसाच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढा हा तुकडा नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. त्यामुळे ‘अंगावर काही दिसत तर नाही, मग खाज कशाची?’ असा संभ्रम निर्माण होतो.

लालसर बारीक पुटकुळ्या, टोचल्यासारखी वेदना आणि जळजळ ही मुख्य लक्षणे होत. हाताच्या पुढच्या भागावर, मनगटावर, मानेवर, तसेच कपडा घट्ट बसतो त्या कॉलरपाशी व कमरेपाशी ती अधिक दिसतात. घाम आणि घर्षण यांनी त्रास वाढतो. साहजिकच मुंबई व कोकणच्या दमट हवेत तो अधिक जाणवतो. मूळची त्वचा कोरडी असणाऱ्यांना आणि इसबाची प्रवृत्ती असणाऱ्यांनाही तो लवकर होतो. हे काम नित्य करणाऱ्या काही कारागिरांना काही आठवड्यांनी खाज कमी वाटू लागते. त्वचा सरावते हे खरे, पण सर्वांचीच सरावते असे नाही.

निदान कोठे फसते?

असे समजा की, एका घरी नवे सीलिंग बसले. काम संपल्यावर घरच्या बाईंनी कोरड्या केरसुणीने सगळे घर झाडून काढले, पंखा लावला आणि मळके कपडे एकत्र धुवावयास टाकले. दोन दिवसांत घरातली चारही माणसे खाजवू लागतात. घरातील सर्वांना एकदम खाज सुटली की कोणाच्याही मनात प्रथम खरूज येते. मग सर्वांगाला खरजेचे औषध लावले जाते, गाद्या उन्हात पडतात, शेजारी चार पावले दूर राहू लागतात. खाज मात्र थांबत नाही. कारण धूळ कपाटावर, पंख्याच्या पात्यांवर आणि चादरींत तशीच असते.

हे दोन विकार वेगळे ओळखता येतात. खरजेची खाज रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि जांघेत ती अधिक असते, आणि ती हळूहळू पसरत जाते. काचतंतूंची खाज काम चालू असताना किंवा त्यानंतर काही तासांतच सुरू होते, उघड्या आणि घासल्या जाणाऱ्या भागांवर ती जास्त असते, आणि माणूस दोन दिवस परगावी गेला की बहुधा आपोआप कमी होते. गजकर्णाचा चट्टा कडेने पसरत जाणारा आणि बहुतेक गोलसर असतो. पित्ताच्या गांधी एका जागी काही तास राहून विरतात आणि दुसरीकडे उठतात. शंका राहिल्यास डॉक्टर त्वचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काचेचे सरळ, लखलखीत तुकडे त्यात दिसू शकतात. म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे की, घरात, कचेरीत अथवा शेजारच्या सदनिकेत काही तोडफोड चालू असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावे. या एका वाक्याने पुष्कळ औषधे वाचतात.

सर्वांत काळजीचा भाग आहे तो मलमांचा. औषधांच्या दुकानातून ‘खाजेचे मलम’ म्हणून पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण आणले जाते. त्याने दोन दिवस बरे वाटते, म्हणून ते महिनोन्‌महिने लावले जाते. परिणामी त्वचा पातळ होते, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते दबून आतल्या आत पसरते व ओळखेनासे होते. स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाऊ नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली अधिक कडक केला, तो याचकरिता. चार दिवसांत जाणाऱ्या खाजेसाठी असे मलम लावणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

अंगावर धूळ उडाल्यास काय करावे?

कुसळ टोचले तर आपण ते काढतो, त्यावर लेप लावून बसत नाही. येथेही उपायाचे सार तेवढेच आहे. तंतू त्वचेवरून निघून गेले पाहिजेत. बाकी सारे दुय्यम होय.

१. प्रथम काम थांबवून त्या जागेतून बाहेर यावे. खाज कितीही आली तरी खाजवू किंवा चोळू नये. चोळल्याने तंतू अधिक आत शिरतात आणि मोडतात.

२. धुळीचे कपडे अंगावरून अलगद उतरवावेत. ते घरात झटकू नयेत.

३. गार किंवा किंचित कोमट वाहत्या पाण्याखाली अंग भरपूर धुवावे आणि सौम्य साबण लावावा. मऊ ओला पंचा हलक्या हाताने, न घासता फिरवावा. वज्री, दगड किंवा काथ्याची घासणी वापरू नये. कढत पाण्याने दाह वाढतो.

४. एखाद्या जागी धागे त्वचेबाहेर डोकावत असतील, तर ती जागा कोरडी करून चिकटपट्टी हलकेच लावावी आणि सावकाश उचलावी. धागे पट्टीबरोबर निघून येतात. दर वेळी नवी पट्टी घ्यावी. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ किंवा जखमेवर हा उपाय करू नये.

५. अंगावरची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. कारखान्यांतून कॉम्प्रेसरची नळी अंगावर धरण्याची सवय असते. ती धोक्याची आहे.

६. हळद, लिंबू, चुना किंवा तेल चोळण्याचा मोह टाळावा. आपल्या घरगुती उपायांविषयी आम्हांस आदर आहे. पण येथे दोष ‘चोळण्या’त आहे. धुऊन झाल्यावर दाह शमवण्यासाठी गार पाण्याची घडी ठेवावी किंवा कॅलामाइन लोशन लावावे.

७. डोळ्यांत धूळ गेल्यास डोळे मुळीच चोळू नयेत. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत. त्यानंतरही टोचत राहिल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

एवढे केल्यावर आणि धुळीशी संबंध तुटल्यावर बहुतेकांचा त्रास काही तासांत, फार तर काही दिवसांत थांबतो. त्वचेचा वरचा थर सतत झडून नवा येत असतो; उरलेसुरले तुकडे त्याच्याबरोबर निघून जातात. ‘काच रक्तात जाईल’ ही भीती निराधार आहे.

घर स्वच्छ करताना

अंग धुतले आणि घर तसेच राहिले, तर खाज पुन्हा येणारच. कोरडी केरसुणी आणि चालू पंखा हे येथे आपले शत्रू समजावेत. फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके वरचेवर वाहत्या पाण्यात धुवावे. कपाटांचे माथे, पंख्याची पाती व खिडक्यांच्या चौकटीही ओल्या कपड्यानेच पुसाव्यात. व्हॅक्यूम क्लीनर वापरावयाचा असल्यास त्यास अतिसूक्ष्म धूळ अडवणारी गाळणी असावी. एरवी मागच्या बाजूने धूळ पुन्हा खोलीत येते. लोकरीचे उरलेले तुकडे पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत. पुसणाऱ्याने हातमोजे घालावेत. हे काम बहुधा घरकामास येणाऱ्या बाईंकडे जाते, हे ध्यानात ठेवून मोजे त्यांच्यासाठीही आणावेत.

कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते वेगळे धुवावेत, आणि धुलाई यंत्र वापरले असल्यास ते नुसत्या पाण्याने एकदा पुन्हा फिरवून घ्यावे. असे न केल्यास ज्यांनी कामाची जागा पाहिलीही नाही अशा तान्ह्या मुलांच्या झबल्यांपर्यंत काचतंतू पोहोचतात.

काम सुरू होण्यापूर्वीची तयारी त्याहून सोपी आहे. ज्या खोलीत काम आहे तिचे दार बंद करून फटींवर प्लॅस्टिक लावावे, गाद्या व कपडे आधीच बाहेर काढावेत, बाहेरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि शक्य तेथे माल किंचित ओलसर करून कापावा. विजेची जोडणी असलेल्या जागी मात्र पाणी वापरण्यापूर्वी वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करावी. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्या दिवसांत नातेवाइकांकडे ठेवणे उत्तम.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?

धुळीपासून दूर राहूनही खाज आठवडाभर टिकली, पुरळातून पू किंवा पाणी येऊ लागले, ताप आला, चेहरा अथवा पापण्या सुजल्या, किंवा धाप लागली, तर विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. काचतंतू ज्या रेझिनने बांधलेले असतात त्याची, विशेषतः इपॉक्सीची, काहींना खरीखुरी ॲलर्जी होते. ती खाज धुण्याने जात नाही आणि पुढच्या प्रत्येक संपर्कात पुन्हा उद्भवते. ओल्या सिमेंटनेही त्वचा भाजते किंवा ॲलर्जी होते. तो विकार निराळा आणि त्याचे उपचारही निराळे. रेझिन घट्ट करण्यासाठी जे द्रव रसायन मिसळतात त्याचा थेंब डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा डोळा धुवत धुवतच रुग्णालय गाठावे.

फुप्फुसांचे काय?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मोजक्या शब्दांत देतो. त्वचेला टोचणारे जाड तंतू नाकाघशातच अडकतात. त्यामुळे शिंका, खोकला आणि घशाची खवखव होते. ३ मायक्रॉनहून बारीक तंतू मात्र श्वासाबरोबर खोलवर जाऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि घरबांधणीत वापरली जाणारी काचेची लोकर ‘मानवात कर्करोगकारक असल्याचे ठरवता येत नाही’ अशा गटात ठेवली. काही विशेष उपयोगांच्या अतिसूक्ष्म तंतूंना हा निर्वाळा मिळालेला नाही. तात्पर्य, घाबरण्याचे कारण नाही. पण तोंडाला नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. कोविडच्या काळात परिचित झालेला एन-९५ मास्क येथे योग्य ठरतो.

खरी भीती बाळगावयाची ती ॲस्बेस्टॉसची. जुन्या घरांवरील, चाळींवरील आणि गोठ्यांवरील राखाडी ‘सिमेंटचे पत्रे’ पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असतात. ॲस्बेस्टॉस हे निःसंशय कर्करोगकारक आहे. त्याची धूळ काचेसारखी टोचत नाही, अंगाला खाज आणत नाही, आणि त्यापासून होणारे फुप्फुसांचे विकार कित्येक दशकांनंतर प्रकट होतात. खाज नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत येथे घातक ठरते. असे पत्रे फोडू, घासू किंवा यंत्राने कापू नयेत. काढावयाचेच असल्यास भिजवून, न मोडता, अखंड उतरवावेत, आणि ते काम जाणकारांकडूनच करून घ्यावे.

हात कारागिरांचे, घर आपले

आतापर्यंत आम्ही घरमालकांना उद्देशून लिहिले. परंतु घरमालकाचा संबंध या धुळीशी आठवडाभराचा, तर कारागिराचा वर्षभराचा असतो. बनियन घालून, उघड्या हातांनी डोक्यावरची काचेची लोकर ओढून काढणारा तरुण आपण सर्वांनी पाहिला आहे. संध्याकाळी अंग धुण्यापुरते पाणीही त्यास कित्येकदा मिळत नाही. तो त्याच कपड्यांत लोकलने किंवा बसने घरी जातो आणि पोराला उचलून घेतो. अंग सुजले तर दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो, म्हणून तो दुखणे अंगावर काढतो.

दुरुस्तीचा खर्च ठरवताना त्यात पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, हातमोजे, बंदिस्त चष्मा आणि मास्क यांची तरतूद आपणच करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. एकूण खर्चात ही रक्कम नगण्य असते. काम संपल्यावर अंग धुण्यास एक बादली पाणी, साबण आणि कपडे बदलण्यास आडोसा द्यावा. त्यास काहीच खर्च येत नाही आणि त्याचा गुण मात्र कोणत्याही मलमापेक्षा अधिक आहे.

कारागीर किंवा त्याच्या कुटुंबातील कोणी आजारी पडल्यास त्यास धर्मादाय रुग्णालयाची वाट दाखवावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही माहिती ज्यांना हवी त्यांच्यापर्यंतच ती बहुधा पोहोचत नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या चार माणसांना ती आपण सांगितलीत, तर तेही रुग्णालयास दिलेले मोलाचे साह्यच होईल.

येत्या वर्षी आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंती रंगतील, छते बदलतील. त्या कामास प्रारंभ करण्यापूर्वी हे पान एकदा घरातील सर्वांनी वाचावे आणि मिस्त्रींनाही वाचून दाखवावे, एवढीच अपेक्षा.